काउंटर अटॅकला मराठीत काय म्हणायचं: प्रतिहल्ला, प्रतिचढाई की प्रत्युत्तर?

परभणीहून एका मुलीने हा प्रश्न विचारलाय. ती मराठी माध्यमातून शिकली आणि आता सैन्यातल्या अधिकारी भरतीची तयारी करतेय. ती लिहिते: "काका, काउंटर अटॅकला आमच्या नोट्समध्ये एका ठिकाणी प्रतिहल्ला लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी प्रत्युत्तर, तिसऱ्या ठिकाणी प्रत्याक्रमण. टीव्हीवाले पलटवार म्हणतात. हे सगळं एकच आहे का? नसेल तर कुठे काय वापरायचं?" सोबत तिने नोट्समधली तीन वाक्यं पाठवलीत आणि ती बरोबर आहेत का, असं विचारलंय.

पहिलं: "उरीनंतरचा सर्जिकल स्ट्राइक हा भारताचा प्रतिहल्ला होता."
दुसरं: "1965 मध्ये छांबवर हल्ला झाल्यावर भारताने लाहोरकडे प्रतिहल्ला केला."
तिसरं: "1971 मध्ये मेजर होशियार सिंग यांनी जरपाल येथे प्रतिहल्ला केला."

पोरी, तिन्ही घटना खऱ्या आहेत, पण तिन्ही वाक्यं चुकलीत: दोन ठिकाणी शब्द, एका ठिकाणी माणूस. मी 28 वर्षं पायदळात काढली, सुभेदार म्हणून घरी आलो आणि आता अंबाजोगाईत भरतीची पोरं-पोरी तयार करतो. मैदानावर दरवर्षी कुणी ना कुणी हाच घोळ घालतं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी व्याख्या घे. शत्रूने आपल्या मोर्चावर हल्ला केला, त्याचा पाय आपल्या जागेत पडला किंवा पडायच्या बेतात आहे, आणि तो तिथे घट्ट बसायच्या आत आपण हाताशी राखून ठेवलेल्या माणसांनी त्याच्यावर तुटून पडलो, की तो झाला प्रतिहल्ला. फौजेतला काउंटर अटॅक तो हाच. बराकीतल्या हिंदुस्तानीत त्याला जवाबी हमला म्हणतात. यात जागा आपलीच असते, वेळ अगदी थोडा असतो, आणि मारणारी तुकडी मुद्दाम त्याच कामासाठी मागे ठेवलेली असते. या तीन गोष्टींतली एक जरी नसली तरी मी तो शब्द वापरायला कचरतो.

आपल्याकडे ओढ्याला पूर आला आणि बांधाला भगदाड पडलं तर शेतकरी काय करतो? पाण्यावर राग धरत नाही. टोपलं, फावडं, दगड, रिकामी पोती, जे हाताला लागेल ते घेऊन भगदाडाकडे धावतो, कारण दोन हातांचं भगदाड तासाभरात दहा हातांचं होतं आणि खालचं रान खरडून जातं. एखादा शहाणा पावसाळ्याच्या आधीच बांधाजवळ दगडमातीचा ढीग करून ठेवतो. तो ढीग म्हणजे फौजेतला रिझर्व्ह, राखीव तुकडी. ढीगच नसेल तर नुसतं धावून उपयोग नाही. पूर ओसरल्यावर चार दिवसांनी बांध पुन्हा घातला तर ते कामही गरजेचंच, पण त्याला नाव वेगळं.

हे कागदावर समजायला सोपं आहे. मला ते समजलं राजस्थानच्या वाळूत, एका युद्धसरावात. तेव्हा मी हवालदार होतो, दहा जणांचा सेक्शन माझ्याकडे होता. रात्री आमच्या कंपनीने कालव्याकाठचा एक उंच बांध जिंकला. धावून, रांगून, ओरडून पोरांचा जीव घशाशी आलेला. बांधावर पोहोचलो आणि सगळ्यांना वाटलं, झालं. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. एक जण बूट काढून पायातला काटा बघत बसला. माझा एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा, अजून पुढे तोंड करून पडलेला, म्हणजे ज्या बाजूने आम्ही पळवलेला 'शत्रू' गेला त्या बाजूला. डाव्या हाताला एक वाळूचा उंचवटा होता, त्याच्याकडे कुणाचीच बंदूक नव्हती. कुणाकडे किती राउंड उरलेत हे मी विचारलंही नव्हतं. वायरलेसवाला मागेच कुठेतरी राहिला होता.

बावीस मिनिटांनी त्या उंचवट्याआडून ते आले. तीसेक माणसं, ताजी, रात्रभर कुठेही न पळालेली. हाताला पांढरी पट्टी बांधलेला अंपायर माझ्या पोरांच्या खांद्यावर हात ठेवत गेला: तू मेला, तू मेला, तू जखमी. दहातले सहा गेले. कंपनी कमांडर आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाईं तरफ किसका आर्क था?" आर्क म्हणजे प्रत्येकाने नजर आणि बंदूक ठेवायचा टापू. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सराव होता म्हणून ती सहा पोरं सकाळी चहाला उठून बसली.

त्या बावीस मिनिटांत प्रतिहल्ल्याचं सगळं शास्त्र आलं. हल्ला करून जागा जिंकणारी तुकडी जिंकल्याच्या क्षणी सर्वांत कमजोर असते. गोळ्या संपत आलेल्या असतात. जखमी पडलेले असतात, त्यांना बघायला दोन-चार जण थांबतात. सेक्शन एकमेकांत मिसळलेले असतात, एखादा नाईक किंवा अधिकारी वाटेतच पडलेला असतो. जड हत्यारं मागून यायची असतात, सुरुंग पेरायला वेळ मिळालेला नसतो. खंदक तर शत्रूने खणलेले, म्हणजे त्यांची तोंडं उलट्या बाजूला. आणि ज्याने ती जागा आत्ताच सोडली त्याला तिथला प्रत्येक खड्डा ठाऊक असतो, त्याच्या तोफखान्याकडे त्या जागेचं माप आधीपासून लिहिलेलं असतं. म्हणून जागा हातात आल्या आल्या फौजेत रिऑर्गनायझेशनची ठरलेली कवायत असते: प्रत्येकाला त्याचा आर्क, एलएमजी धोक्याच्या बाजूला, उरलेल्या गोळ्या सगळ्यांत सारख्या वाटून घेणं, जखमी मागे, खोदकाम सुरू, आणि आपल्या तोफखान्याला आपल्याच पुढ्यातल्या जागांची मापं देऊन ठेवणं. जिंकणाऱ्याची ही कवायत पुरी व्हायच्या आत येतो तो तत्काळ प्रतिहल्ला. ती पुरी झाल्यावर येणाऱ्याला मग नव्याने तयारी लागते, तोफखाना लागतो, कधी रणगाडे लागतात. त्याला नियोजित प्रतिहल्ला म्हणावं. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याने या दोन्हींना दोन वेगळे शब्दच ठेवले होते: लगेच करायचा तो गेगेनश्टोस, तयारीने करायचा तो गेगेनआंग्रिफ. मराठीत एका शब्दाचे असे दोन तुकडे झालेले नाहीत, म्हणून आपण तत्काळ आणि नियोजित अशी विशेषणं लावायची. तुझ्या उत्तरपत्रिकेत एवढा फरक आला तरी तपासणाऱ्याला कळेल की पोरीने विषय समजून घेतलाय.

राखीव तुकडी किती असावी? रायफल कंपनीत तीन प्लाटून असतात. साधारण रिवाज असा की दोन पुढे आणि एक मागे. अशा काही कंपन्या मिळून बटालियन होते, त्या पातळीवरही पुढे कमी माणसं दिसली तरी चालतील, पण कमांडरच्या मुठीत काहीतरी शिल्लक हवं. नवशिक्याला वाटतं मागे बसलेली तुकडी फुकट गेली, तिलाही पुढे लावली असती तर भिंत जाड झाली असती. खरं बघता पुढची फळी कुठेतरी फुटणार हे धरूनच बचाव आखतात. फुटल्यावर मारायला हातात काही नसेल तर त्याला बचाव म्हणता येत नाही, ती नुसती वाट बघणं असते.

याचं उदाहरण शोधायला तुला परभणीहून फार लांब जायचं कारण नाही. जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांची मराठा फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मी पोरांना एकदा तरी तिथे नेतो आणि केळणेच्या काठावर उभं करून सांगतो, कारण प्रतिहल्ला काय असतो आणि तो जमला नाही म्हणजे काय होतं, हे दोन्ही त्या एका दिवसात दिसतं.

वेलस्लीने नदी ओलांडून पायदळाच्या दोन ओळी पुढे लावल्या आणि तिसऱ्या ओळीत घोडदळ राखून ठेवलं. ते मॅक्सवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होतं. लढाई सुरू झाल्यावर वेलस्लीच्या उजव्या बाजूची एक तुकडी वाट चुकून थेट असई गावाकडे सरकली आणि तिच्यामागोमाग 74 वी हायलँडर पलटण गेली. गावाच्या आडोशाने असलेल्या मराठ्यांच्या तोफांनी आणि बंदुकांनी त्यांची चाळण केली. मग मराठे त्यांच्या अंगावर आले. ती पलटण पडलेल्या माणसांचा आणि बैलांचा आडोसा करून कशीबशी उभी होती, अजून थोडा वेळ गेला असता तर संपली असती. त्या क्षणी मॅक्सवेलचं राखीव घोडदळ सुटलं आणि मराठ्यांच्या त्या तुकडीवर आदळलं. फळी फुटत होती, शत्रू आत येत होता, हातात राखीव घोडे होते, आणि ते वेळेवर सोडले. पुस्तकातला प्रतिहल्ला म्हणून दाखवावा असा तो प्रसंग आहे. आपल्या माणसांवर चाललेला असला तरी शिकणाऱ्याने तो नीट बघावा.

आता आपल्या गोलंदाजांचं, म्हणजे तोफा डागणाऱ्यांचं बघ. इंग्रज पायदळ तोफांची ओळ ओलांडून पुढे गेलं तेव्हा मराठ्यांचे कित्येक गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले होते. शत्रू पुढे सरकताच ते उठले, तोफांची तोंडं फिरवली आणि इंग्रजांच्या पाठीत गोळे घालायला सुरुवात केली. त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला या लढाईत सगळ्यांत जास्त कुणाबद्दल वाटत असेल तर ते त्यांच्याबद्दल. वेलस्लीला पुढची चाल थांबवून स्वतः घोडदळ आणि 78 वी पलटण घेऊन माघारी वळावं लागलं, तेव्हा त्या तोफा परत त्याच्या हाती आल्या. त्याच्या अंगाखालचा घोडाही त्या गर्दीत भाल्याने भोसकला गेला.

ते गोलंदाज उठले ती वेळ अगदी अचूक होती, पण त्यांच्या मागे कुणी आलं नाही. मराठ्यांचं घोडदळ संख्येने मोठं होतं आणि मैदानाच्या कडेला उभं होतं. ते त्या घटकेला इंग्रजांच्या विस्कटलेल्या ओळींवर सोडलं असतं तर मागून तोफा आणि बाजूने घोडे असा तो खरा प्रतिहल्ला झाला असता. सोडायचा हुकूम देणारं कुणी नव्हतं, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले दोघेही रण सोडून गेले होते. म्हणून त्या गोलंदाजांच्या मर्दुमकीला मी प्रतिहल्ला म्हणत नाही, प्रतिहल्ल्याची सुरुवात म्हणतो. इंग्रजांचे 428 मेले आणि हजाराच्या वर जखमी झाले, तरी रण त्यांच्याकडे राहिलं.

आता तुझं तिसरं वाक्य घेतो, कारण त्यात शब्द बरोबर आहे आणि माणूस चुकलाय. 15 डिसेंबर 1971 च्या रात्री 3 ग्रेनेडियर्स या पलटणीच्या मेजर होशियार सिंग यांच्या कंपनीने शकरगड भागातलं जरपाल हे पाकिस्तानी ठाणं हल्ला करून घेतलं. म्हणजे हल्ला आपला. मग 16 तारखेला पाकिस्तानी फौज ते ठाणं परत घ्यायला तीन वेळा आली, त्यातल्या दोन वेळा रणगाडे घेऊन. हे प्रतिहल्ले. 17 तारखेला एक अख्खी बटालियन तोफखान्याच्या माऱ्याआडून पुन्हा चालून आली. होशियार सिंग जखमी होते, तरी एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जाऊन जवानांना धीर देत होते. मशीनगनच्या मोर्चावर गोळा पडून ती चालवणारे जखमी झाले तेव्हा त्यांनी स्वतः ती गन धरली. शत्रू हटला आणि मागे 85 प्रेतं सोडून गेला, त्यांत त्यांचा कमांडिंग ऑफिसरही होता. युद्धबंदी होईपर्यंत होशियार सिंग यांनी जागा सोडली नाही. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

तर वाक्य असं हवं: "मेजर होशियार सिंग यांच्या कंपनीने जरपाल येथे शत्रूचे प्रतिहल्ले परतवून लावले." एका क्रियापदाने पूर्ण चित्र बदलतं. प्रतिहल्ला करणारा तो, ज्याची जागा गेली. परतवणारा तो, ज्याने ती घेतली. त्याच भागात 16 डिसेंबरला पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपला पेटलेला रणगाडा सोडायचा हुकूम न मानता शत्रूच्या रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि 21 व्या वर्षी गेले. तिथेही पाकिस्तानी रणगाडे प्रतिहल्ल्यासाठीच आलेले होते. कारगिलमध्ये जुलै 1999 ला टायगर हिल घेतल्यावर पाकिस्तानी तुकडीने ते शिखर परत मिळवायची धडपड केली, ती पश्चिमेकडच्या कड्यावर 8 शीख पलटणीच्या जवानांनी मोडून काढली. म्हणून माझ्या मैदानावर पोरांना मी म्हणतो, जिंकलो असं ओरडायचं ते रिऑर्गनायझेशन झाल्यावर.

आता दुसरं वाक्य, छांब आणि लाहोरचं. 1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानने जम्मू भागातल्या छांबमधून अखनूरच्या दिशेने मोठा हल्ला चढवला. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूकडून पुढे राजौरी-पूंछकडे जाणारी वाट तुटली असती. भारताने तिथे बचाव तर केलाच, पण 6 सप्टेंबरला पंजाबमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने फौज घातली. शत्रूने जिथे हात घातला तिथे न मारता त्याला जिथे जास्त दुखेल तिथे मारलं, म्हणजे तो आपोआप मागे बघेल. हे काम एका कंपनीचं किंवा बटालियनचं नाही, अख्ख्या आघाडीचं आहे. याला प्रतिहल्ला हा शब्द तोकडा पडतो. मराठीत त्यासाठी प्रतिचढाई म्हणावं. आपल्या भाषेत हल्ला आणि चढाई यांत फरक आहेच. हल्ला एका बुरुजावर होतो, चढाई मुलखावर होते. मग उलट दिशेलाही तोच फरक पाळायचा: काउंटर अटॅक म्हणजे प्रतिहल्ला, काउंटर ऑफेन्सिव्ह म्हणजे प्रतिचढाई. 2023 च्या उन्हाळ्यात युक्रेनने जे सुरू केलं तीही प्रतिचढाईच, जरी बऱ्याच बातम्यांत प्रतिहल्ला छापून आलं.

फौजी लिखाणात तुला आणखी एक शब्द भेटेल, रिपोस्ट. तो तलवारबाजीतला. समोरच्याचा वार अडवला की त्याच झटक्यात आपला वार करायचा, त्याला रिपोस्ट म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ उत्तर असा आहे. शत्रूने एका भागात मुसंडी मारली की आपण दुसऱ्या भागात त्याच्या मुलखात घुसायचं, यालाही आपले सेनाधिकारी रिपोस्ट म्हणतात.

आणि ही कल्पना मराठवाड्याच्या मातीत फार आधी लढली गेलीय. 1727-28 मध्ये निजाम पुण्यावर चालून गेला. बाजीराव पेशवे पुणं वाचवायला धावले नाहीत. ते जालना, सिंदखेडच्या बाजूला निजामाच्या मुलखात शिरले, पुढे खानदेश आणि गुजरातकडे गेले, बुऱ्हाणपूरला धोका आहे अशी हवा तयार केली. घरचा मुलूख जळतोय म्हटल्यावर निजामाला पुणं सोडून गोदावरीकडे परतावं लागलं. घाईत जड तोफखाना मागे पडला. वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावांनी त्याला असं कोंडलं की त्याच्या छावणीला पाणी आणि दाणा मिळेना. फेब्रुवारी 1728 अखेरची ही गोष्ट. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला, पैठणच्या शेजारी. यात एकही बुरूज परत घेतलेला नाही, म्हणून हा प्रतिहल्ला नाही. ही प्रतिचढाई आहे, आणि माझ्या मते मराठी माणसाला हा शब्द शिकवायला पालखेडइतकं चांगलं उदाहरण नाही. 1965 चा लाहोरचा निर्णय समजावताना मी आधी पालखेड सांगतो, पोरांना लगेच कळतं.

1965 ला लष्करप्रमुख होते जनरल जयंतनाथ चौधुरी आणि संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. हेच चौधुरी 1948 ला मेजर जनरल असताना सोलापूर-नळदुर्ग मार्गाने हैदराबादवर गेलेल्या फौजेचे प्रमुख होते. 13 ते 17 सप्टेंबर असं पाच दिवस रणगाडे, विमानं, तोफखाना घेऊन ती मोहीम चालली, फौजेत तिचं नाव ऑपरेशन पोलो. सरकारने मात्र तिला पोलीस कारवाई म्हटलं, आणि आपल्याकडची जुनी माणसं आजही आपलं वय सांगताना "पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढा होतो" असं सांगतात. ते नाव विचार करून दिलेलं होतं. पोलीस कारवाई म्हटलं की हा आपल्या घरातला मामला आहे, दोन देशांमधलं युद्ध नाही, असं जगाला सांगता येतं. लष्करी शब्द निवडताना त्यामागे कायदा आणि राजकारण कसं उभं असतं, हे मराठवाड्याच्या माणसाला म्हणूनच लवकर कळावं.

इथून तुझ्या पहिल्या वाक्यावर येतो. 18 सप्टेंबर 2016 ला उरीच्या तळावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. ते तिथेच मारले गेले, जागा कुणाच्या ताब्यात गेली नाही. आपल्या जवानांनी 29 सप्टेंबरला पहाटे नियंत्रण रेषेपलीकडच्या ठिकाणांवर कारवाई केल्याचं जाहीर झालं. मध्ये 11 दिवस गेले, जागा वेगळी, परत घ्यायचं ठाणं कुठलंच नाही. मग हा प्रतिहल्ला कसा? हे प्रत्युत्तर. लिहिताना "प्रत्युत्तरादाखल केलेली कारवाई" असं लिही. पुढे 26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटवर हवाई कारवाई झाली तेव्हा परराष्ट्र सचिवांनी प्रत्युत्तर हा शब्दही टाळला. त्यांनी ती पुढचा हल्ला होऊ नये म्हणून आधीच केलेली, लष्करेतर स्वरूपाची कारवाई असल्याचं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 51 स्वसंरक्षणाचा हक्क देतं, सूड घ्यायचा देत नाही. देशाचा प्रतिनिधी बोलतो तेव्हा म्हणूनच बदला, सूड, धडा शिकवला असे शब्द त्याच्या तोंडी नसतात. ते आपल्या चौकात असतात, आणि चौकात ते बोलणाऱ्यांच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. माझ्या ओळखीच्या घरांतली पोरं तिरंग्यात परत आलीत. पण तू अधिकारी व्हायला निघालीस. बदला हा शब्द मनातल्या आगीचा आहे. प्रतिहल्ला हा शब्द जागेचा, वेळेचा आणि हाताशी असलेल्या माणसांचा आहे. हे दोन मिसळले की कमांडर राखीव तुकडी रागाच्या भरात भलत्या वेळी सोडून बसतो आणि खरी गरज पडते तेव्हा त्याची मूठ रिकामी असते.

उरलेले शब्द पटकन सांगतो. प्रत्याक्रमण हा शब्द शुद्ध आहे, प्रति अधिक आक्रमण, जसं प्रति अधिक उत्तर प्रत्युत्तर होतं. "प्रतिआक्रमण" असं सुटं लिहू नकोस. पण आक्रमण म्हटलं की मराठी कानाला दुसऱ्याच्या देशावर चालून जाणं ऐकू येतं, म्हणून आपली जागा परत घेण्यासाठी मला प्रतिहल्लाच बरा वाटतो. प्रतिकार वेगळा. आपल्या जागेवर टिकून लढत राहणं म्हणजे प्रतिकार, त्यात खंदकातून बाहेर पडून तुटून पडणं येत नाही. घुसलेल्या शत्रूला आणखी आत येऊ न देण्यासाठी त्याच्या वाटेत आडवं उभं राहणं, याला फौजेत काउंटर पेनिट्रेशन म्हणतात. भगदाडातून आलेलं पाणी पुढच्या रानात जाऊ नये म्हणून आपण आडवा बांध घालतो, तसं. बरेचदा आधी हे होतं आणि मग प्रतिहल्ला. शत्रू हल्ल्यासाठी जमत असतानाच त्याच्या जमावावर जाऊन पडणं यालाही प्रतिहल्ला म्हणू नये, कारण त्याचा हल्ला अजून झालेलाच नसतो. तोफांनी तोफांना गप्प करणं हा तोफखान्याचा वेगळा खेळ आहे. आणि पलटवार हा हिंदी वाहिन्यांवरून आलेला शब्द. सभेतल्या टीकेला दिलेल्या उत्तरासाठी तो आता रुळलाय, तिथे चालू दे. लष्करी वर्णनात मात्र त्याने काहीच नेमकं कळत नाही.

फुटबॉल आणि हॉकीत काउंटर अटॅक म्हणतात ते मात्र फौजेच्या अर्थाच्या जवळ आहे. समोरचा संघ गोल करायला पुढे आलेला असतो, मागे त्याची जागा उघडी पडलेली असते, आणि तो परत जागेवर जायच्या आत चेंडू घेऊन सुटायचं. वेळेचं गणित तेच. माझ्याकडच्या पोरींना मी आधी हे मैदानावर करून दाखवतो आणि मग वाळूच्या मॉडेलवर. मॉडेल म्हणजे आमच्या काळ्या मातीचंच. त्यात ओढा म्हणून निळा दोरा, खंदक म्हणून काड्या, आणि एका मुलीच्या हातात घड्याळ. जागा पडली असं मी म्हटलं की राखीव तुकडीच्या कमांडरने किती सेकंदांत तोंड उघडलं, हे ती मोठ्याने सांगते. पहिल्या दिवशी बहुतेक जणी पुढे काय झालं हेच बघत बसतात. महिनाभराने काड्या हलायच्या आत हुकूम येतो.

क्रियापदं नीट वापर. प्रतिहल्ला करतात, चढवतात. समोरचा तो परतवतो, मोडून काढतो, थोपवतो. यशस्वी झाला तर जागा परत मिळवतो किंवा ठाणं पुन्हा ताब्यात घेतो. "प्रतिहल्ला दिला" असं नोट्समध्ये दिसलं तर खोड, उत्तर देतात, हल्ला देत नाहीत.

तुझी तीन वाक्यं दुरुस्त झाली. चौथं मी देतो, ज्यात राखीव तुकडी नसूनही, एकट्या माणसाच्या बाबतीत, हा शब्द वापरायला मी कचरत नाही. 6 फेब्रुवारी 1948, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराजवळचं तैंधार. 1 राजपूत पलटणीचे नाईक जदुनाथ सिंग यांच्याकडे एक छोटी चौकी होती आणि तिच्यात मिळून नऊ माणसं. पहिली लाट आली, त्यांनी परतवली. चार जण जखमी झाले. दुसरी आली तेव्हा ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा जखमी झाला होता, जदुनाथ सिंग यांनी स्वतः ती गन घेतली आणि तीही लाट परतवली. आतापर्यंत सगळा प्रतिकार आहे. तिसरी लाट आली तेव्हा लढू शकणारे ते एकटेच उरले होते. राखीव तुकडी नाही, वेळ नाही, शत्रू दगडांच्या आडोशापर्यंत आलेला. ते स्टेन गन घेऊन त्या आडोशातून बाहेर पडले आणि चालून येणाऱ्यांच्या अंगावर एकटे धावले. समोरचे गोंधळले, पांगले, मागे फिरले. जदुनाथ सिंग यांना दोन गोळ्या लागल्या, एक डोक्यात, एक छातीत, आणि ते तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

वहीत लिहून घे: "तैंधारच्या चौकीवर तिसरी लाट आली तेव्हा नाईक जदुनाथ सिंग यांनी एकट्याने प्रतिहल्ला चढवला."